सेरेंगेटी आणि मसाई मारा: कुठल्या महिन्यात जावं, काय दिसेल? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आफ्रिकेची सफारी म्हटलं की आपल्याकडच्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर केनिया आणि टांझानियाच असतात. म्हणून इथली उत्तरंही मुख्यतः त्या दोन देशांची आहेत: मसाई मारा केनियात, सेरेंगेटी टांझानियात. दक्षिणेकडचे देश शेवटाकडे, प्रश्न १७ मध्ये. सोपे प्रश्न आधी घेतलेत, अडचणीचे नंतर.

१. सफारीला सगळ्यात चांगला महिना कुठला?

जुलै ते ऑक्टोबर हे ठरलेलं उत्तर सगळीकडे मिळतं आणि ते चुकीचं नाही. तेव्हा पूर्व आफ्रिकेत कोरडं असतं, गवत बसलेलं असतं आणि प्राणी पाण्याच्या आसपास घुटमळतात. पण तेव्हाच गर्दी सगळ्यात जास्त आणि दरही सगळ्यात चढे. बिबट्या, सिंह, हत्ती, जिराफ वर्षभर तिथेच असतात, ते कुठे जात नाहीत. फिरतात ते विल्डबीस्ट (गाईसारखे दिसणारे, कळपाने राहणारे शिंगाळे प्राणी) आणि झेब्रे. त्यामुळे आधी काय बघायचंय ते ठरवा: नदी ओलांडणारे कळप (प्रश्न ३), नुकती जन्मलेली पिल्लं (प्रश्न ४), की नुसते भरपूर प्राणी आणि कमी गाड्या (प्रश्न ५). महिना मग आपोआप ठरतो.

२. ते 'मायग्रेशन' नेमकं कधी सुरू होतं आणि कधी संपतं?

ते सुरूही होत नाही आणि संपतही नाही. सुमारे १३ लाख विल्डबीस्ट, दोन लाखांहून जास्त झेब्रे आणि थॉमसन्स गॅझेल नावाची चपळ हरणं वर्षभर गोल फिरत असतात. पंढरीच्या वारीसारखं ठरलेल्या तिथीला प्रस्थान आणि ठरलेल्या तिथीला मुक्काम, असं तिथे नसतं. पाऊस पडेल तिकडे हिरवा चारा, आणि चारा तिकडे कळप.

ढोबळ हिशेब असा. डिसेंबर ते मार्च: सेरेंगेटीचा दक्षिण भाग आणि त्याला लागून असलेलं न्दुतू. एप्रिल-मे: मोठ्या पावसात मध्य सेरेंगेटीतून वायव्येकडे. मे अखेर ते जून: पश्चिमेला ग्रुमेती नदीचा पट्टा. जुलै ते ऑक्टोबर: उत्तर सेरेंगेटी आणि केनियातलं मसाई मारा, म्हणजे मारा नदीच्या दोन्ही बाजू. नोव्हेंबरमध्ये छोटा पाऊस आला की पुन्हा दक्षिणेकडे. पाऊस पंधरा दिवस इकडेतिकडे झाला की सगळं वेळापत्रक पंधरा दिवस सरकतं. हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

३. नदी ओलांडणारे कळप नक्की दिसतील का? त्यासाठी किती दिवस ठेवावेत?

नक्की कुणीच सांगू शकत नाही. जो एजंट 'गॅरंटी' म्हणतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा फोन करू नका.

काठावर काय घडतं ते ऐका, म्हणजे दिवसांचा हिशेब कळेल. आम्ही एका ऑगस्टमध्ये सकाळी साडेआठला नदीकाठी गाडी लावली. समोरच्या उतारावर हजारभर जनावरं जमलेली. धूळ, आणि तो अखंड 'ग्न्यू, ग्न्यू' आवाज. एक झेब्रा पाण्यापर्यंत उतरला, गुडघाभर पाण्यात उभा राहिला, प्यायला आणि मागे फिरला. त्याच्याबरोबर अख्खा कळप मागे फिरला. असं तीनदा झालं. दीड वाजता ते सगळे शांतपणे चरत टेकडीपलीकडे निघून गेले. आम्ही डबे उघडले, जेवलो आणि परतलो. दुसऱ्या दिवशी तिथून चार किलोमीटरवर, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, पहिला प्राणी उडी मारून गेला आणि पुढची वीस मिनिटं नदीत पाणी दिसत नव्हतं, नुसत्या पाठी.

म्हणून नदीच्या जवळपास निदान तीन रात्री ठेवा, चार असल्या तर उत्तम. 'मारा दोन रात्री, नाकुरू एक, अंबोसेली एक' अशा धावपळीच्या सहलीत क्रॉसिंग दिसलं तर ते नशीब. शिवाय कळप एकदा ओलांडून गप्प बसत नाहीत. अलीकडच्या काठाला पाऊस झाला की परत येतात, त्यामुळे जुलै ते ऑक्टोबर केव्हाही संधी असते.

मगरींबद्दल हमखास विचारतात. मारा नदीत दरवर्षी सरासरी ६,००० हून जास्त विल्डबीस्ट मरतात, पण बहुतेक मगरीच्या जबड्यात नव्हे, तर चेंगरून आणि बुडून. पुढचे कित्येक आठवडे गिधाडं, मगरी आणि नदीतले मासे त्यावर जगतात. लहान मुलं बरोबर असतील तर हे आधी सांगून ठेवा.

४. फेब्रुवारीत गेलो तर नदी ओलांडणं दिसणार नाही. मग काय दिसेल?

माझं वैयक्तिक मत विचाराल तर क्रॉसिंगपेक्षा हे मोलाचं. जानेवारीच्या अखेरीपासून न्दुतूच्या आखूड गवताच्या माळावर विल्डबीस्ट वितात. बहुतेक पिल्लं दोन-तीन आठवड्यांच्या आत जन्मतात. एवढी पिल्लं एकदम आली की सिंह-तरसांनी खाऊन खाऊन किती खावीत? बाकीची वाचतात. पिल्लू जन्मल्यावर काही मिनिटांत उभं राहतं आणि आईमागे पळू लागतं.

जागाही उगीच निवडलेली नाही. शेजारच्या गोरोंगोरोच्या डोंगराळ भागातल्या ज्वालामुखींची राख या माळावर पसरली आहे. तिच्यामुळे गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर, म्हणजे दुभत्या जनावराला हवं तेच. फक्त इथे बारमाही पाणी नाही, म्हणून पाऊस संपला की मुक्काम हलवावाच लागतो.

उघडा माळ असल्यामुळे चित्ते बघायला ही उत्तम जागा. बिबट्या मात्र नदीकाठच्या झाडांवर शोधावा लागतो.

५. मुलांना सुट्टी मेमध्येच असते. मेमध्ये जाण्यात अर्थ आहे का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. आपली मोठी सुट्टी आणि तिथला मोठा पाऊस नेमके एकावर एक येतात. मार्चच्या अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत तिथे 'मासिका', म्हणजे मोठा पाऊस असतो. काळ्या मातीच्या वाटांवर गाड्या रुततात, काही कॅम्प बंद असतात, गवत कमरेइतकं वाढतं आणि त्यात बसलेला सिंह पाच फुटांवरून दिसत नाही.

तरी सरसकट 'नको' म्हणणार नाही. तीन वाटा आहेत.

एक, मेचा शेवटचा आठवडा ते जूनचा पहिला पंधरवडा धरा. पाऊस ओसरलेला, सगळं हिरवंगार, दर उतरलेले, आणि कळप पश्चिम पट्ट्यात. आपल्याकडे शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, म्हणजे वेळ जेमतेम जमते. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे नागपूर-चंद्रपूरवाल्यांना हा काळ आयताच मिळतो.

दोन, मेच्या सुरुवातीलाच जायचं असेल तर गोरोंगोरोचं विवर मुख्य ठेवा. तिथले बहुतेक प्राणी वर्षभर तिथेच राहतात. सकाळी धुकं असतं, पण ते वर गेलं की समोर सगळं मांडून ठेवलेलं.

तीन, मे सोडून द्या आणि पुढचा प्रश्न वाचा.

६. दिवाळीत किंवा नाताळात गेलं तर?

दिवाळी ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात आली तर मसाई मारा चांगलंच. कळप बहुधा अजून उत्तरेतच असतात आणि ऑगस्टची गर्दी ओसरलेली असते. नोव्हेंबरच्या मध्यात आली तर कळप वाटेत कुठेतरी पांगलेले असतात, दुपारी सरी येतात. सर पडून जाते, दिवस वाया जात नाही.

नाताळात दक्षिण सेरेंगेटी हिरवी होऊ लागलेली असते आणि कळप तिथे पोचायला लागतात. पण युरोप-अमेरिकेलाही तेव्हाच सुट्टी असते, त्यामुळे दर पुन्हा चढतात. पक्षी बघणाऱ्यांनी नोव्हेंबर ते मार्च निवडावा, युरोपातले करकोचे तेव्हा तिथे असतात. लोणावळ्याच्या आकाशात नोव्हेंबरात दिसणारे अमूर ससाणेही समुद्र ओलांडून आफ्रिकेतच जातात. आणि जूनमध्ये आपल्याकडे पावसाची वर्दी देणारा चातक येतो तो तिकडूनच.

७. केनिया की टांझानिया?

वेळ कमी असेल तर केनिया. मुंबईहून नैरोबीला थेट विमान आहे, साधारण सहा तास. तिथून मारा रस्त्याने पाच-सहा तास, छोट्या विमानाने पाऊण तास. दहा दिवस हातात असतील तर टांझानिया. सेरेंगेटी जवळपास १४,७५० चौरस किलोमीटर, मसाई मारा सुमारे १,५००. एवढ्या फरकामुळे सेरेंगेटीत गाडी तास-तास एकटीच फिरू शकते. टांझानियातलंच तारांगिरे उद्यान जुलै ते ऑक्टोबरात हत्तींसाठी धरा: नदी आटत आली की शेकड्यांनी येतात.

८. मारा आणि सेरेंगेटी जोडलेलेच आहेत ना? मग जीपने थेट पलीकडे जाता येईल?

प्राण्यांना येतं, तुम्हाला नाही. दोन्ही उद्यानांच्या मधली हद्द पर्यटकांसाठी बंद आहे. रस्त्याने जायचं तर उद्यानाबाहेर पडून इसेबानिया किंवा नामांगाच्या नाक्यावरून वळसा घालावा लागतो, गाडी आणि ड्रायव्हरही बहुधा बदलतात. जवळपास अख्खा दिवस त्यात जातो. नकाशावर चार बोटं दिसणाऱ्या अंतरासाठी हे कुणाला खरं वाटत नाही, पण आहे हे असं.

९. ताडोबा, कान्हा बघून झालंय. तिथे वेगळं काय?

पहिलं म्हणजे वाघ नाही. अजूनही दर दहा जणांत एक जण विचारतो, म्हणून लिहिलं. दुसरं, ताडोबात सकाळ-दुपारच्या ठरलेल्या फेऱ्या असतात. इथे सकाळी सहाला निघालात तर डबा घेऊन संध्याकाळपर्यंत गाडी तुमची. तिसरं, ताडोबात आपण कान देऊन जंगल ऐकतो: भेकराचा कॉल, माकडाची खोकर. सवानात डोळे लागतात. दोन किलोमीटरवर गिधाडं उतरताना दिसली की ड्रायव्हर न बोलता गाडी वळवतो.

रेडिओवर तो स्वाहिलीत बोलत असतो. एवढे शब्द पाठ करा: सिंबा म्हणजे सिंह, चुई बिबट्या, दुमा चित्ता, तेंबो हत्ती, फिसी तरस. 'चुई' ऐकू आलं आणि गाडी जोरात पळाली की कॅमेरा हातात घ्या. बाकी चाय, चपाती, पेसा, गारी (म्हणजे गाडी) हे स्वाहिली शब्द शिकावे लागणार नाहीत.

रस्ता सोडून गाडी माळावर घालणं सेरेंगेटीत आणि मारा अभयारण्यात मना आहे. ड्रायव्हरला 'थोडं आत घे ना' म्हणून आग्रह करू नका. दंड आणि नोकरी, दोन्ही त्याची जाते.

१०. 'बिग फाइव्ह' पाचही दिसतील का? गेंडा कुठे दिसतो?

सिंह, हत्ती आणि रानरेडे बहुधा दिसतात. बिबट्या नशिबाचा भाग. गेंड्यासाठी मात्र वाट वाकडी करावी लागते: गोरोंगोरोचं विवर, नाकुरू तलाव किंवा केनियातलं ओल पेजेता. जगातल्या शेवटच्या दोन उत्तरी पांढऱ्या गेंड्यांच्या माद्या, नाजिन आणि फातू, ओल पेजेतातच आहेत. जिराफ हवा असेल तर विवरात शोधू नका, तिथे ते नाहीत. आणि 'बिग फाइव्ह' ही यादी शिकाऱ्यांनी केलेली, पायी शिकार करायला सगळ्यात धोक्याचे प्राणी कुठले यावरून. त्यात चित्ता नाही, म्हणून चित्ता बघायचा सोडू नका.

११. एवढा खर्च का येतो? कुठे वाचवता येईल?

मोठा वाटा प्रवेश शुल्काचा. मसाई मारात परदेशी प्रौढाला २०२४ पासून जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर, जुलै ते डिसेंबर २०० डॉलर. तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, म्हणजे बारा तासांचं. इथे एक खाच आहे: उद्यानाच्या आत राहिलात तर निघायच्या दिवशी सकाळी दहाच्या आत फाटकाबाहेर पडा, नाहीतर आणखी एक तिकीट बसतं. शेवटच्या दिवशी निवांत नाश्ता अशा रीतीने महाग पडतो. दर बदलतात, बुकिंग करताना ताजे विचारा.

वाचवायचं तर राहण्यात वाचवा, गाडीत नाही. सहा-सात जणांनी मिळून पूर्ण गाडी घेतली की माणशी खर्च उतरतो. पण प्रत्येकाला खिडकी मिळतेय ना आणि छप्पर वर उघडतंय ना, हे लेखी घ्या.

१२. व्हिसा, लस वगैरे काय लागतं?

केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास परवाना आणला आहे, तो निघण्याआधी काढावा लागतो. टांझानियाचा ई-व्हिसा वेगळा. केनिया, युगांडा आणि रवांडा यांचा एकत्र व्हिसा मिळतो, पण त्यात टांझानिया नाही. इथे पुष्कळ जण फसतात.

यलो फिव्हरची लस सरकारमान्य केंद्रावरच घ्यायची, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी. दाखला दहाव्या दिवसापासून लागू होतो आणि आता आयुष्यभर चालतो. केनियातून टांझानियात जाताना तो मागतात. केनियाहून मुंबईत उतरताना दाखला नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलग ठेवू शकतात. साठीपुढच्यांनी, नऊ महिन्यांच्या आतल्या बाळांसाठी आणि अंड्याची तीव्र ॲलर्जी असणाऱ्यांनी डॉक्टरांशी आधी बोलावं.

१३. मलेरिया तर आपल्याकडेही असतो. गोळ्या घ्यायलाच हव्यात का?

आफ्रिकेत मुख्यतः फाल्सिपारम जातीचा मलेरिया असतो, तो जिवावर बेतू शकतो. 'आपल्याला सवय आहे' हा भ्रम. गोळ्या कुठल्या आणि किती दिवस, हे डॉक्टर सांगतील. परत आल्यावरही काही दिवस घ्यायच्या असतात, त्या लोक हमखास विसरतात. त्सेत्से माशी वेगळी. दिवसा चावते, पातळ कपड्यातून चावते, आणि गडद निळ्या-काळ्या रंगावर झेपावते. म्हणून जीन्स घरी ठेवा.

१४. कपडे आणि सामान किती न्यावं?

विषुववृत्ताजवळ म्हणून सुती कपडेच भरणारे सकाळी सहाला उघड्या छपराच्या गाडीत कुडकुडतात. मारा दीड हजार मीटरच्या वर, गोरोंगोरोचा काठ सव्वादोन हजारांच्या आसपास. स्वेटर, कानटोपी, वारं अडवणारं जाकीट घ्याच. दहा वाजता ते सगळं उतरवून टोपी घालायची. रंग मातकट. छोट्या विमानाने जाणार असाल तर हातातल्या सामानासकट १५ किलो, तेही मऊ बॅगेत. कडक सूटकेस विमानाच्या पोटात मावत नाही. प्लगसाठी तीन चौकोनी पिनांचा ॲडॅप्टर लागतो.

१५. शाकाहारी जेवण मिळेल का? घरून खाऊ नेला तर चालेल?

मिळतं, आणि बरंच चांगलं. पूर्व आफ्रिकेत गुजराती समाज पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्यामुळे लॉजच्या आचाऱ्याला डाळ-भात-चपाती नवी नाही. कांदा-लसूण नको असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा आणि पोचल्यावर आचाऱ्याला पुन्हा सांगा. दुपारच्या डब्याचं आदल्या रात्री सांगायचं, नाहीतर उकडलेलं अंडं आणि कोंबडीची तंगडी येते.

चिवडा, लाडू, ठेपले जरूर न्या, पण प्लास्टिकच्या पिशवीत नको. केनियात २०१७ पासून आणि टांझानियात २०१९ पासून प्लास्टिक पिशव्यांना बंदी आहे. केनियाच्या उद्यानांत एकदाच वापरायच्या पाण्याच्या बाटल्याही चालत नाहीत. स्टीलचे डबे आणि कापडी पिशव्या भरा; आजीच्या जमान्यातली बांधाबांध उपयोगी पडते. आणि जेवणाच्या जागी डबा उघडून पाठ वळवू नका. वर घारी असतात, खाली माकडं.

१६. आई-बाबा सत्तरीचे आहेत. त्यांना झेपेल का? आणि दिवसभर बाथरूमचं काय?

दुसरा प्रश्न लोक हळूच, वेगळ्या मेसेजमध्ये विचारतात, म्हणून एकत्र घेतला.

चालावं लागत नाही, पण रस्ते हाडं खिळखिळी करतात. टांझानियातल्या अरुशा शहराहून मध्य सेरेंगेटी सात-आठ तास. कंबर-मणक्याचा त्रास असेल तर एका बाजूचा प्रवास विमानाने करा आणि गाडीत मधल्या सीटवर बसवा, मागच्या चाकांवर नको.

संडास फाटकापाशी, धावपट्टीपाशी आणि जेवणाच्या ठरलेल्या जागी असतात, मधे नाही. ड्रायव्हरला 'चाक तपासायचंय' म्हणा, त्याला कळतं. तो मोकळी जागा बघेल, आधी स्वतः उतरून पाहील, मग गाडीच्या आडोशाला जायचं. झुडपाच्या आडोशाला कधीच नाही, कारण झुडपाचा आडोसा इतरांनाही आवडतो. या भीतीने पाणी न पिणं मात्र उन्हात महागात पडतं.

१७. आम्ही दक्षिण आफ्रिका, नामिबिया किंवा बोट्स्वानाला जाणार आहोत. हेच महिने लागू होतील?

अर्धेच. दक्षिण आफ्रिकेतलं क्रूगर आणि नामिबियातलं इटोशा या उद्यानांत मे ते सप्टेंबर कोरडा हिवाळा असतो, प्राणी पाणवठ्यांवर येतात. इटोशात तर एका पाणवठ्यावर गाडी बंद करून बसायचं, बाकी काम प्राणी करतात. दोन्हीकडे स्वतः गाडी चालवता येते. फेब्रुवारीचं गणित (प्रश्न ४) मात्र तिथे चालत नाही, तो तिथला पावसाळा.

बोट्स्वानातल्या ओकावांगो नदीच्या त्रिभुज प्रदेशाचं गणित आणखी निराळं. अंगोलाच्या डोंगरात पडलेला पाऊस सावकाश वाहत येतो आणि बोट्स्वानात पूर चढतो तो जून ते ऑगस्टमध्ये, म्हणजे ऐन कोरड्या दिवसांत. आभाळ निरभ्र आणि जमीन पाण्याखाली. होडीतून हत्ती बघायचे असतील तर तेव्हाच जा.

१८. बुकिंग झालंय आणि आता कळतंय की कळप पुढे निघून गेलेत. काय करायचं?

सहल रद्द करू नका. आधी विचारा, मुक्काम बदलता येईल का? टांझानियातले काही तंबूंचे कॅम्प कळपांबरोबर जागा बदलतात, त्यांना हे सोपं जातं. ते जमलं नाही तर ड्रायव्हरला पहिल्याच संध्याकाळी सांगा की कळपांच्या मागे लागायचं नाही, मांजरकुळातले प्राणी बघायचे. कळप गेले तरी सिंह आपापल्या इलाख्यातच राहतात, आणि सोपी शिकार गेल्यामुळे दिवसाढवळ्या रानडुकराच्या बिळापाशी दबा धरून बसलेले दिसू शकतात. आम्ही एकदा तसे पावणेदोन तास थांबलो होतो. डुक्कर बाहेर आलं, सिंहिणीच्या पुढ्यातून पळालं आणि दुसऱ्या बिळात शिरलं.